बेटावर जा, पण चपला सांभाळायला नव्हे!

मैत्रिणींनो, अंदमानला जाऊन आलेल्या आपल्यासारख्या एखाद्या बाईला विचारून पाहा, काय काय पाहिलंत म्हणून. ती सेल्युलर जेल सांगेल, सावरकरांची कोठडी पाहताना डोळ्यांत पाणी कसं आलं ते सांगेल, राधानगरच्या पांढऱ्या वाळूचं वर्णन करील. मग विचारा, "आणि समुद्राच्या आतलं काय पाहिलंत?" बहुतेकींचं उत्तर ठरलेलं. "हे आणि मुलं गेली होती ना पाण्यात! मी बसले होते किनाऱ्यावर, सगळ्यांच्या चपला नि पाकिटं सांभाळत."

आता यातली गंमत पाहा. सहलीसाठी दोन वर्षं भिशीत पैसे टाकते ती, बॅगा भरते ती, खाकऱ्याचे डबे बांधते ती. आणि ज्यासाठी एवढ्या लांब जायचं ते पाण्याखालचं जग तेवढं राहून जातं तिचंच! भीती हे त्याचं खरं कारण नाही असं माझं मत आहे. त्या पाण्यासाठी कोणी वेळच राखून ठेवलेला नसतो. सकाळच्या बोटीने बेटावर उतरायचं, तीन ठिकाणं बघायची, मध्ये तासभर "वॉटर स्पोर्ट्स", आणि दुपारच्या बोटीने परत. त्या तासाभरात नवं धाडस करायला कोणती बाई धजेल? म्हणून आज सांगणार आहे ते स्कूबाच्या सहलीच्या आखणीविषयी. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून पाण्याखाली श्वास घेत फिरणं. उदाहरण घेते शहीद द्वीपाचं, कारण आम्ही तिथे चार रात्री राहून आलो.

जुन्या नकाशांत हे नील बेट. १९४३ मध्ये नेताजींनी अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज अशी नावं दिली होती. ती स्मरून ३० डिसेंबर २०१८ रोजी नील बेटाचं शहीद द्वीप झालं आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, तिकिटं काढताना गोंधळू नका. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेलं हे बेट. गावांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. सायकलवर एका दिवसात पालथं घालता येईल एवढंच. भाजीपाला उदंड पिकतो आणि बोटीने राजधानीला जातो. स्वराज द्वीपावर हॉटेलं जास्त, गर्दी जास्त. इथे केळीच्या बागा, कोंबड्या, संध्याकाळी बाजारात चहाच्या दोन टपऱ्या, बस्स.

लग्नघरातला हिशेब

लग्न ठरलं की आपण काय करतो? आधी मुहूर्त पक्का करतो आणि तिथून उलटं मोजत पापड, रुखवत, पत्रिका. स्कूबाची सहल अगदी तशीच आखायची. इथला मुहूर्त म्हणजे परतीचं विमान.

कारण सांगते. टाकीतली हवा साधीच असते, पण पाण्याच्या दाबाखाली ती श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. पण तो निघायच्या आतच आपण विमानात बसलो, तर वर हवेचा दाब कमी, आणि मग सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तेच रक्तात होऊ शकतं, बुडबुडे! त्याने सांधे दुखण्यापासून लकवा भरण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते की एकच बुडी मारली असेल तर निदान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये. बरीच केंद्रं सरसकट २४ तास सांगतात. आपण २४ धरावेत, त्यात काय बिघडतं?

त्यात बोटींची भर घाला. राजधानीहून बेटावर यायला बोटीने दीड-दोन तास लागतात, पण हवा बिघडली की फेरी रद्द. तेव्हा बेटावरून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवणं म्हणजे जुगार. आम्ही असं केलं: पहिला दिवस विमानाचा. दुसऱ्या दिवशी बोटीने शहीद द्वीप, त्या दिवशी फक्त गुडघाभर पाण्यात डुंबणं आणि झोप. तिसरा आणि चौथा दिवस बुडीचे. पाचवा मोकळा, समुद्र खवळला किंवा कुणाला सर्दी झाली तर हाताशी असावा म्हणून. सहाव्या दिवशी परत राजधानी आणि सेल्युलर जेल. सातव्या दिवशी विमान. जेल सगळे पहिल्याच दिवशी उरकतात. ते शेवटी ठेवलंत तर हा पाण्याबाहेरचा दिवस आपोआप सत्कारणी लागतो, आणि घाईने न बघता नीट पाहता येतं.

महिना कोणता? नोव्हेंबर ते एप्रिल हा एकंदरीत चांगला काळ. पण दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाऊस असू शकतो आणि नाताळात दर गगनाला भिडतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे आमचं सगळं परीक्षांवर. समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं ते फेब्रुवारी ते एप्रिल. वार्षिक परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलात निघालात तर जमतं, उकाडा मात्र सोसावा लागतो. मे महिना अर्ध्याहून पुढे नेऊ नका. मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात.

आणखी एक, जे एजंट सांगत नाहीत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा! पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त आणि बऱ्याचदा गढूळपणाही. अष्टमीच्या आसपास, आपले कोकणातले लोक ज्याला भांग म्हणतात तेव्हा, भरती-ओहोटी बेताची. पहिल्यांदा उतरणारीने हे दिवस साधावेत. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल मात्र ओहोटीलाच नीट बघता येतो, तेवढी वेळ विचारून घ्या.

तो एक कागद

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पाण्यात उतरण्याआधी केंद्रात एक प्रश्नावली भरून घेतात. दमा आहे का? फिट येतात का? हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास? मधुमेह? कानाचं ऑपरेशन? रोजची औषधं? दिवस गेले आहेत का? पंचेचाळिशी उलटली असेल तर आणखी चार प्रश्न. काही प्रश्नांना "हो" आलं की डॉक्टरांची सही लागते, आणि ती सही मिळवायला त्या चिमुकल्या बेटावर कुठे धावणार? म्हणून हा कागद घरीच मागवून घ्या आणि निघण्याआधी महिनाभर आपल्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्याबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. वय ४७, उत्साह माझ्या दुप्पट. दोघींनी मिळून भिशी लावली होती. त्यांना लहानपणापासून दमा, आता बराच कमी, पण थंडीत पंप लागतोच. कागद हातात आला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आम्ही ज्याच्याकडे सहल ठरवली होती तो आमच्या गावातला गृहस्थ म्हणाला, "अहो ताई, सगळीकडे 'नाही' लिहून टाका. कोण तपासतंय? रोज शेकडो लोक करतात."

किती सोपं वाटतं ऐकायला! जाऊबाई दोन दिवस गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "तू काय म्हणतेस? लिहू का 'नाही'?"

मी म्हटलं, "वहिनी, पाण्याखाली तुमच्या छातीत कफ अडला तर तो गृहस्थ येणार आहे का वर काढायला?"

हे मी चिडून बोलले नव्हते, त्यामागे शास्त्र आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना पसरत पसरत दुप्पट होते. ती सतत बाहेर जात राहिली पाहिजे. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दम्यात बारीक नळ्या आवळल्या किंवा कफाने बंद झाल्या तर ती हवा कोंडते. शिट्टी अडकलेला कुकर डोळ्यांसमोर आणा. त्यातून खारं पाणी आणि टाकीतली कोरडी हवा, दोन्हींनी दमा उठू शकतो.

जाऊबाईंनी खरं ते लिहिलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून फुप्फुसांची तपासणी केली, पंपाचं विचारलं आणि सांगितलं, "टाकी बांधून खाली जायचं नाही. वरवर पोहा, हवं तेवढं." दमा असलेल्या प्रत्येकीला असंच सांगतील असं नाही, काहींना तपासणीनंतर परवानगी मिळतेही. पण ते ठरवणार डॉक्टर. एजंट नव्हे, नवरा नव्हे आणि आपली हौसही नव्हे. जाऊबाई रडल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे स्वयंपाक मी केला.

तरीही त्या आल्या, आणि किनाऱ्यावर बसल्या नाहीत! त्याचं पुढे सांगते.

कान, नाक आणि पहिली दहा मिनिटं

पोहता येत नसलं तरी पहिली, म्हणजे चव घेण्यापुरती बुडी मारता येते. प्रशिक्षक सतत बरोबर असतो, खोली १२ मीटरच्या आतच, आणि वयाची दहा वर्षं पूर्ण झालेली मुलंही चालतात. तरी मी म्हणेन, जाण्याआधी दोन-तीन महिने नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या वेळेत जाऊन निदान तरंगायला शिका. पाण्याशी ओळख असलेल्या बाईचा श्वास शांत चालतो, आणि स्कूबात तीच खरी कमाई. एवढ्या लांब जाण्याआधी चाचणी घ्यायची असेल तर मालवणजवळ तारकर्लीला स्कूबाची सोय आहे. ज्यांना पुढे स्वतःच्या हिमतीवर उतरायचं आहे त्यांनी तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम करावा. त्याला पोहणं यावं लागतं. २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवायचं असतं. तो केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? पाण्यात तेच होतं, फक्त दोन-तीन मीटरवरच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा, की कान मोकळे होतात. कान दुखायची वाट न बघता दर मीटरला हे करायचं. दुखलं तर हाताने खूण करून थोडं वर यायचं. जोर लावून फुंकायचं नाही, पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही म्हणजे नाही. मोकळा दिवस ठेवा म्हटलं ते यासाठीच.

मला स्वतःला पहिली दहा मिनिटं फार अवघड गेली. तोंडाने श्वास घ्यायचा हे मनाला पटेचना. प्रशिक्षक तरुण बंगाली मुलगा, घाई करीना. कमरेएवढ्या पाण्यात डोकं आत-बाहेर करायला लावलं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढायचं कसं ते शिकवलं, आणि मग कधी आठ मीटर खाली गेले ते कळलंही नाही. म्हणून केंद्र ठरवताना किमतीच्या आधी हे विचारा: परवाना आहे का, माझ्याबरोबर एक प्रशिक्षक की एकाला तीन-चार जण, खाली जाण्याआधी उथळ पाण्यात सराव किती वेळ, बोटीवर प्राणवायूची सोय आहे का, आणि फोटोचे पैसे वेगळे का. "चला चला, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. आणि शेवटच्या क्षणी तुमचंच मन नको म्हणालं तर पैसे बुडाले तरी चालतील, नको म्हणा.

आपले बायकांचे प्रश्न

हे कोणी छापत नाही, म्हणून मी लिहिते.

कपडे: वर घालायचा वेटसूट जाड रबरासारखा असतो. केंद्रानुसार तो अर्धा किंवा गळ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण मिळतो, आधी विचारून घ्यावं. आत घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग चालतं. साडीत दिसत नाही एवढंसुद्धा काही दिसत नाही! तो चढवताना मात्र दोघींनी एकमेकींना मदत करावी लागते आणि हसून हसून पोट दुखतं.

दागिने: बांगड्या, कानातलं, अंगठ्या, सगळं काढून ठेवायचं. पट्ट्यांत अडकतं, आणि पाण्यात सैल झालेली अंगठी गेली की गेली. मंगळसूत्राचं मी निघण्याआधीच सासूबाईंना विचारलं होतं. म्हटलं, नंतर फोटो बघून वाईट वाटायला नको. त्या म्हणाल्या, "सौभाग्य काय समुद्रात बुडतं? डबीत ठेव नि जा." एवढ्या एका वाक्याने माझं निम्मं ओझं उतरलं.

केस घट्ट वेणीत. तेल आणि चेहऱ्याचं क्रीम त्या दिवशी नको, मास्क चेहऱ्याला धरत नाही आणि पाणी झिरपतं. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क मिळेल का ते आधीच विचारावं. मऊ काँटॅक्ट लेन्स चालतात, पण प्रशिक्षकाला सांगून ठेवावं.

पाळी: बरं वाटत असेल तर बुडी मारायला हरकत नाही. पॅड पाण्यात निरुपयोगी. टॅम्पन किंवा कप वापरता येत असेल तर तोच उपाय, आणि त्याची सवय घरी करावी. रक्ताच्या वासाने शार्क येतात ही भीती मनातून काढा, तसा पुरावा नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. आणि दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी बुडी नको, पोटातल्या बाळासाठी ते सुरक्षित मानत नाहीत.

मुक्काम साधाच

बेटावर थाटमाट शोधू नका. आमची झोपडी बांबूची, वर गवताचं छप्पर, पंखा आणि मच्छरदाणी. वीज जाते-येते. गोडं पाणी जपून वापरावं लागतं, तेव्हा खारे कपडे एकाच बादलीत खळबळायची युक्ती आपल्याला जमायला हवी. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून बेटांवर फोनची स्थिती सुधारली आहे, पण नेटवर्क गेलं की मोबाईलवरून पैसे देणंही थांबतं. रोख रक्कम जवळ हवीच, आणि ती राजधानीतच काढून घ्यावी. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाळूत बारीक माश्या चावतात. अंगाला खोबरेल तेल चोपडलं की त्रास कमी होतो. औषधांत ताप-जुलाबाच्या गोळ्या, मिठा-साखरेची पाकिटं आणि नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, इथे आरोग्य केंद्र आहे पण मोठं हॉस्पिटल राजधानीत. विम्याचा कागद वाचून पाहा, साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं. खाण्याचं मात्र सुख! बंगाली घरातला भात, मासळी आणि शेतातली ताजी भाजी, शाकाहारी माणसाचीही अडचण नाही.

आता जाऊबाईंचं. दोन्ही दिवस भरतीच्या वेळी भरतपूरच्या किनाऱ्यावर त्यांनी लाइफ जॅकेट घातलं, मास्क आणि स्नॉर्कलची नळी लावली आणि एका मार्गदर्शकाचा हात धरून वरच्या वर तरंगत राहिल्या. खिशात पंप नको, भिजेल, म्हणून तो किनाऱ्यावर भावोजींच्या हातात. हो, चपलाही त्यांच्याच जवळ! उथळ पाण्यात ऊन थेट तळापर्यंत जातं, त्यामुळे रंग त्यांनाच जास्त दिसले. खोल पाण्यात तांबडा रंग सगळ्यांत आधी विझतो. मी आठ मीटरवर गेले तेव्हा माझा लाल टी-शर्ट मातकट दिसत होता. कुंकवाचंही तसंच होणार तिथे!

सगळीकडे रंगीबेरंगीच असेल अशी अपेक्षा ठेवू नका. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, २०१६ मध्येही तापलेल्या पाण्याने त्यांना झळ पोचली. पांढुरके, मोडके भाग दिसतात. आपल्या मंगळसूत्रात ओवतो ते पोवळं याच्याच जातकुळीचं, हजारो बारक्या जीवांनी मिळून बांधलेलं. हात लावू नका, पाय टेकू नका. मेलेलं प्रवाळ किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी आठवण म्हणून उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मना आहे आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात. मुलांना आधीच बजावून ठेवा.

आणि तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा, मुलांच्या सिनेमातला, तो शोधायला विसरू नका. समुद्रफुलाच्या विषारी बोटांत घर करून राहतो. त्या घरात सगळ्यांत मोठी असते ती मादी, सत्ता तिचीच. ती मेली तर तिचा नवरा स्वतः मादी होऊन तिची जागा घेतो. परतीच्या बोटीत मी हे सगळ्यांना सांगितलं, तेव्हा आमचे हे काही बोलले नाहीत. भावोजींनी मात्र पुढच्या बाकावरच्या एका डायव्हिंगवाल्या मुलाला उठून विचारलं, हे खरं आहे का म्हणून. तो म्हणाला, "हां दादा, एकदम सच."